खोडरबराचा वास

लेक गृहपाठ खोडायला लागली की खोडरबराच्या वासाने मी पंचवटीतल्या, मी पूर्वी कामाला होते त्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात पोचते. बंद पडलेल्या मशीनची रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, काढून खोडरबराने घासली की बऱ्याचदा काम व्हायचं. शेठ मात्र गिऱ्हाइकाला सांगायचे, "मोठा बिघाड आहे, चार दिवस लागतील." मला त्या थापांचा राग यायचा.

एकटे राहणारे एक काका मशीन टाकून रोज चौकशीला यायचे, चहा घेत गप्पा मारत बसायचे. तिसऱ्यांदा त्यांनी आणलेलं मशीन उघडलं, तर रॅम काढून आतच ठेवलेली. ती आपोआप निघत नाही. तिला धरून ठेवणाऱ्या दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या हाताने दाबाव्या लागतात. मी शेठकडे पाहिलं. त्यांनी झाकण लावलं.

"मोठा बिघाड आहे, काका. आठ दिवस तरी लागतील."

"लागू देत," काका स्टूल ओढत म्हणाले. "मी रोज विचारायला येईन."