थोरल्यांसमोर घेत नाहीत

आमच्या इंदिरानगरच्या सोसायटीत व्यसनमुक्तीची समिती निघाली तेव्हा तिचं अध्यक्षपद माझ्या नवऱ्याकडे आपसूक आलं. एक तर त्यांचा आवाज मोठा, आणि पहिल्या बैठकीला वेळेवर हजर असलेले ते एकटेच पुरुष होते. दोन हजार सालच्या आसपासची ही गोष्ट. शेजारच्या कॉलनीतली काही मुलं मोकळ्या प्लॉटवर खोकल्याचं औषध पिऊन पडलेली सापडली, अशी बातमी आमच्या भिशीत आली होती. कोणाची मुलं, कोणी पाहिली, हे काही कोणाला सांगता येत नव्हतं. पण त्या दिवसापासून कॉलनीत एखाद्या पोराला ठसका लागला तरी आया औषधाची बाटली कपाटात घालून कुलूप लावायला लागल्या. माझा मुलगा नुकताच दहावी पास झाला होता, अकरावीच्या ॲडमिशनची धावपळ चालू होती, आणि मीही घरातली बाटली कुलपात ठेवली होती. एकुलता एक मुलगा, आता कॉलेजात जाणार, कोणाच्या संगतीला लागेल कोण जाणे.

समितीनं एका समुपदेशक बाईंना व्याख्यानाला बोलावलं. पार्किंगमध्ये स्कूटर हलवून सतरंज्या घातल्या, माईक आणला, तो शेवटपर्यंत शिट्ट्या मारत राहिला. बाई चांगलं बोलल्या, पण आम्ही त्यातलं आम्हाला पेलेल तेवढंच उचललं. मुलगा दार लावून बसतो का, चिडचिड करतो का, भूक कमीजास्त झाली आहे का, मित्र बदलले का, डोळे लाल दिसतात का, यावर लक्ष ठेवा, असं त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कॉलनीतला प्रत्येक मुलगा व्यसनी ठरला होता. समोरच्या इमारतीतल्या एका बिचाऱ्याचे डोळे आले होते. त्याच्या वडिलांनी त्याला आधी झापलं आणि मग डॉक्टरकडे नेलं.

बाईंनी शेवटी आणखी एक गोष्ट सांगितली होती. मुलं आपलं ऐकत नाहीत, आपल्याकडे बघतात, तेव्हा त्यांच्याशी मोकळेपणानं बोला आणि आपण घरात काय करतो तेही एकदा बघा. पण तोवर चहा आला होता आणि लोक उठायला लागले होते. आभाराच्या भाषणात माझ्या नवऱ्यानं बाईंचं खूप कौतुक केलं. या वयात मुलं टीपकागद असतात, जे दिसेल ते शोषून घेतात, असं ते टाळ्यांच्या गजरात म्हणाले.

अध्यक्षांच्या घरात तपासणीही कडक असणार. मुलगा संध्याकाळी खेळून आला की त्याला दारातच थांबवायचं आणि म्हणायचं, "हा कर." तो आ वासून हा करायचा. पण वास घेणाऱ्यांच्या स्वतःच्या गालात तंबाखूचा बार असल्यामुळे त्यांना दुसरा कुठलाच वास यायचा नाही. मग ते मला हाक मारायचे. मी पोळ्या टाकून यायची, हुंगायची आणि निकाल द्यायची, "भेळ खाल्लीय. कांदा घालून." मुलगा निमूटपणे चपला काढून आत जायचा. एकदा त्यानं मला विचारलं, की पप्पांचं तोंड कोण हुंगतं. मी त्याला हातपाय धुवायला पाठवलं.

मग आखाड आला. माझं सासर मूळचं शेतकऱ्याचं. द्वारका चौक ओलांडून हायवेनं पुढं गेलं की आमचा मळा लागतो. तिथं सासरे आणि थोरले दीर राहतात, मेथी, कोथिंबीर, शेवंती पिकवून मार्केटला नेतात. श्रावण लागायच्या आधी एका रविवारी सगळ्यांनी मळ्यावर जमायचं, बोकड कापायचा आणि पुढच्या महिन्याभराचं खाऊन घ्यायचं, असा दरवर्षीचा रिवाज. बायका अंगणातल्या चुलीपाशी, पोरं सगळीकडे आणि पुरुष आपापल्या जागी.

या आपापल्या जागा नीट सांगायला हव्यात. माझ्या सासरी धाकटा थोरल्यासमोर घेत नाही आणि मुलगा बापासमोर घेत नाही. यात आजवर कोणाकडून चूक झालेली नाही. "आपल्यात अजून मोठ्यांचा मान आहे," असं थोरले दीर लग्नकार्यात पाहुण्यांना सांगतात, आणि ते अगदी खरं आहे. फक्त आखाडात हा मान सांभाळायला तीन बैठकी लागतात. सासरे विहिरीजवळच्या आंब्याखाली खाटेवर बसतात. थोरले दीर कांदा साठवायच्या चाळीमागे बसतात. माझे यजमान, म्हणजे आमचे अध्यक्ष, ट्रॅक्टरच्या शेडमध्ये बसतात. तिघं एकाच बाटलीतली घेतात, तिघांना ते ठाऊक असतं आणि तिघांनाही ते ठाऊक नसतं.

आता बाटली एक आणि जागा तीन म्हटल्यावर कोणीतरी ने-आण करायला हवी. बाईनं असल्या वस्तूला हात लावायचा नाही. गड्याच्या हाती दिली तर गावभर बोभाटा. राहिला घरचा पोरगा. पोरापुढं कसला संकोच, त्याला काय कळतंय? एके काळी हे काम माझ्या नवऱ्याकडे होतं. गेली काही वर्षं ते माझ्या मुलाकडे आलं होतं. ताटलीत ग्लास, शेंगदाणे, वर स्वच्छ रुमाल. आंब्याखाली आजोबा विचारणार, "तुझा काका कुठं हाय रे?" यानं सांगायचं, "मोटार बघायला गेलेत." चाळीमागे काका विचारणार, "पप्पा कुठंय?" यानं सांगायचं, "झोपलेत." विचारणाऱ्यालाही तेच उत्तर हवं असायचं. आम्हा बायकांना अंगणातून फक्त रुमाल टाकलेली ताटली इकडून तिकडे जाताना दिसायची, आणि आम्ही भाकरीकडे बघायचो.

त्या रविवारी मी आणि जाऊबाई चुलीपाशी होतो. जाऊबाई कळवणकडच्या, हात आणि तोंड दोन्ही सारखंच चालणार. माझा मुलगा समोरून ताटली घेऊन गेला तशा त्या कौतुकानं म्हणाल्या, "लय गुणाचं पोरगं हाय बाई तुझं. एक थेंब सांडत नाय, अन् कुणाचं कुणाला सांगत नाय." मग भाकरी उलटवत म्हणाल्या, "आता यंदाच्याच साली. पुढल्या आखाडाला माझा धाकटा नेईल. हा झाला कॉलेजवाला."

"मग हा काय करेल?" मी विचारलं.

"काय करंल म्हंजी?" जाऊबाईंना प्रश्नच कळला नाही. "बसंल की कुठंतरी."

मी हातातलं पीठ तसंच ठेवून उठले. चाळीमागे गेले तर थोरले दीर जागेवर नव्हते, आणि माझा मुलगा उकिडवा बसून ग्लास भरत होता. ग्लासाला बाहेरून दोन बोटं आडवी लावून त्यानं माप घेतलं, बाटली तिरकी केली, बरोबर तिथं थांबवली आणि बाटलीचं तोंड रुमालानं पुसलं. घरी दुधाचं पातेलं उतरवताना निम्मं दूध ओट्यावर सांडणारा हा मुलगा. त्याच्या तोंडाला कसलाही वास नव्हता, डोळे पांढरेशुभ्र होते, आणि मला इतकी भीती याआधी कधी वाटली नव्हती.

"दे इकडे," मी म्हणाले. "मी नेते. तू जाऊन जेवायला बस."

"आई, तू नाही न्यायचं," तो घाबरून म्हणाला. पण तोवर ताटली माझ्या हातात आली होती.

मी डोक्यावर पदर घेतला, कारण सासऱ्यांसमोर जायचं होतं, आणि आंब्याखाली गेले. खाटेशेजारी ताटली ठेवली आणि म्हणाले, "मामा, घ्या." सासऱ्यांनी ताटलीकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही पाहिलं नाही. ते विहिरीकडे बघत राहिले. तिकडे बघतच म्हणाले, "पोराला धाडायचं सूनबाई." मी ताटली उचलून निघाले तोवर थोरले दीर समोरून येत होते. त्यांनी पाहिलं ते असं, की धाकटी भावजय डोक्यावर पदर घेऊन बापाकडून दारूची ताटली घेऊन येते आहे. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून, काही कारण नसताना, झटकायला सुरुवात केली.

शेडमध्ये नवरा ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून बसला होता. मला बघून ताडकन उभा राहिला.

"तू कशाला आलीस? पोरगा कुठंय?"

"जेवतोय. मी आणलीय ना. घ्या."

"वेड लागलंय का? घरच्या बाईच्या हातून कोणी घेतं का?"

"पोराच्या हातून घेतात?"

"अगं, तो लहान आहे. त्याला यातलं काय कळतंय?" अध्यक्ष म्हणाले.

त्या दिवशी पुढं कोणीच घेतली नाही. तिन्ही जागा रिकाम्या झाल्या आणि बाप, दोन मुलं, सगळे भर दुपारी ओसरीवर एका पंगतीत बसले. बहुधा त्यांच्या आयुष्यातला तो पहिलाच असा आखाड. तिघं एकमेकांकडे न बघता रस्सा ओरपत होते, सुतकातलं जेवण असावं तसे. जाऊबाई मला वाढायला बोलावत नव्हत्या. सगळ्या घराचा मी अपमान केला होता हे मला कळत होतं, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा आनंद झाला होता. पोराला त्या ताटलीतून सोडवलं, आता काळजी मिटली, असं मनातल्या मनात म्हणत मी हौदावर भांडी विसळायला बसले.

मुलगा येऊन शेजारी उभा राहिला. भांडी घेऊन पालथी घालायला लागला.

"आई, तू उगाच गेलीस. आजोबांना किती वाईट वाटलं."

मी हात पुसले आणि त्याला सरळ विचारलं, "तू घेतलीयस का कधी?"

"नाही," तो म्हणाला, लगेच आणि माझ्याकडे बघून. मला ते खरं वाटलं, अजूनही वाटतं.

"आणि आता पुढच्या वर्षी?"

तो जरा लाजला. मग हौदाच्या पलीकडे बोट दाखवून म्हणाला, "मोटारीच्या खोलीमागं जागा आहे. आजोबांना दिसत नाही, काकांना नाही, पप्पांनाही नाही." मला बरं वाटावं म्हणून त्यानं हळूच पुढं सांगितलं, "आणि चुलीपासून पण दिसत नाही. मी बसून बघितलंय. तुझ्यासमोर मी कधीच घेणार नाही, आई."

इतक्या प्रेमानं माझ्याशी तो बऱ्याच महिन्यांत बोलला नव्हता. मला रडू आलं. सगळं शिकला होता तो, आणि मनापासून शिकला होता. पदरानं डोळे पुसत मी म्हणाले, "मला असला मान नको रे. तुला कधी घ्यावीशी वाटली, कोणी दिली, काहीही झालं, तर माझ्यासमोर येऊन बस आणि मला सांग. लपायला जागा शोधू नकोस."

त्याच्या हातातलं ताट तसंच राहिलं. आपली आई काहीतरी भलतंच बोलते आहे आणि कोणी ऐकलं तर काय होईल, अशा नजरेनं त्यानं आधी ओसरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुझ्यासमोर?" तो म्हणाला. "आपल्यात असं करतात का?"