पाण्यावरचं कटर

मशीन ज्या खोक्यातून आलं त्यावर एका गोऱ्या माणसाचं चित्र होतं. डोळ्यांवर चष्मा, हातात फरशी आणि तोंडभर हसू. फरशी कापताना हसणारा माणूस मी तोपर्यंत पाहिला नव्हता. माझ्या थोरल्या भावाने उभी हयात लोकांच्या घरात फरश्या बसवण्यात घालवली. पण काम करताना तो नाकातोंडाला रुमाल बांधायचा, त्यामुळे रुमालाखाली तो हसायचा की नाही, देव जाणे.

मी आष्ट्याला ब्लाउज शिवते. पन्नाशी ओलांडलेल्या बाईने फोनवरून काही मागवायचं तर साडीचे फॉल नाहीतर गुडघ्याचा पट्टा, अशी लोकांची समजूत. मी फरशी कापायचं मशीन मागवलं, तेही लोणंदजवळच्या माझ्या माहेरच्या पत्त्यावर. होतं त्यातलं सगळ्यात स्वस्त. पत्र्याचं छोटं टेबल, त्याच्या मधून वर आलेलं गोल पातं आणि खाली पाण्याचा ट्रे. पातं पाण्यात बुडून फिरतं, म्हणून धूळ उडत नाही, चिखल होऊन खाली बसते. ट्रेमध्ये चार-पाच तांबे पाणी मावतं. एवढ्याशा पाण्यावर एका माणसाची छाती वाचली असती, हे मला कळायला फार उशीर झाला.

दादाला आधी टीबी सांगितला होता. सहा महिने त्याने इमानदारीने गोळ्या खाल्ल्या, खोकला होता तिथेच. मग मी त्याला मिरजेला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरला आणि विचारलं, हे काम काय करतात? मी सांगितलं. त्यांनी फोटो खाली ठेवला. फुफ्फुसात दगडाची धूळ बसली आहे, म्हणाले, ती आता निघत नाही. यापुढे धुळीत जायचं नाही. मी विचारलं, म्हणजे बरा होईल का? ते म्हणाले, म्हणजे लवकर वाढणार नाही. बाहेर येऊन दादाने चहा सांगितला आणि बिस्कीट बुडवून खाल्लं. 

दादाच्या घरी संडास आणि न्हाणी अंगणाच्या पलीकडे आहे. चाळीस पावलं. धडधाकट माणसाला ती जाणवतही नाहीत. दादा तेवढ्यात दोनदा बसायचा, एकदा तुळशीच्या कट्ट्यावर आणि एकदा बंद पडलेल्या मोटरसायकलीच्या सीटवर. वहिनी सकाळी वखारीत कांदा निवडायला जायच्या, लेक सासरी, दिवसभर घरात तो एकटा. एक दिवस तो वेळेत पोचला नाही. संध्याकाळी वहिनी आल्या तेव्हा ओल्या लेंग्यावर भिंतीकडे तोंड करून अंगणात बसलेला होता. हे वहिनींनी मला फोनवर सांगितलं ते रडून नव्हे, चिडून. "वन्सं, दोन दिस झालं, पानी प्यायचं सोडलंय त्यांनी," म्हणाल्या. "जायाला लागू नये म्हनून."

त्याच्या खोलीला लागूनच संडास-न्हाणी काढायची असं मी तिथल्या तिथे ठरवलं आणि माहेरी राहायला आले. गवंड्याने भिंती उभ्या केल्या, नळवाल्याने संडासाचं भांडं बसवलं. राहिली फरशी. गावात फरशीवाले दोन, दोघेही दादाच्याच हाताखाली शिकलेले, म्हणजे दोघेही कोरडं कापणारे. त्यातला एक हातात धरून चालवायचं कटर घेऊन आला. त्याने अंगणात एकच फरशी कापली आणि आत कॉटवर दादाला असा दम लागला की त्याचे ओठ निळे पडले. कटर बंद करून तो बिचारा किती वेळ दारातच उभा होता. शेतात बसून कापून आणतो म्हणाला, पण न्हाणीत भांड्याभोवतीचा तुकडान् तुकडा दहादा लावून बघावा लागतो. तेवढ्या खेपा कोण घालणार? तो परत आला नाही. मला त्याचा राग नाही.

म्हणून ते पाण्यावरचं कटर. आणि ते चालवायला मी.

कापण्याचा हात मला आहे, असं मी स्वतःला बजावत होते. पण कापडाला शिवणीत जरा जास्त सोडता येतं, चुकलं तर उसवता येतं. फरशी चुकली की चुकली. शिवाय मशीन स्वस्तातलं, आणि ते दर कापाला त्याची आठवण करून द्यायचं. फरशी टेकवायची जी पट्टी होती ती एका टोकाला हळूच सरकायची, आणि सरळ वाटणारा काप शेवटी तिरका निघायचा. पाणी सगळं माझ्या पोटावर उडायचं. पहिल्या दिवशी मी सात फरश्या वाया घालवल्या आणि चिखलात माखून पायरीवर बसून राहिले.

दादा खिडकीशी कॉटवर बसून बघत होता. बोलायला दम लागतो, म्हणून तो बोटांनी सांगायचा. एक बोट म्हणजे एक सूत, इंचाचा आठवा भाग. उजव्या हाताचं बोट वर म्हणजे पट्टी तेवढी पुढे, डाव्याचं वर म्हणजे मागे. दुसऱ्या दिवशी त्याने मला जवळ बोलावून एवढंच सांगितलं, "पट्टीवर इस्वास ठिवू नगं. दोनी टोकाला माप घे. दर टायमाला." मग डोळे मिटून पडून राहिला. त्या तीन वाक्यांची किंमत मी समोर बघत होते. त्यानंतर मी दर फरशीला दोन्ही टोकांना माप घेतलं, आणि काप सरळ येऊ लागले.

ट्रेमधल्या चिखलाबद्दल मात्र तो फार कडक होता. काम थांबलं की ओला असतानाच चिखल खरवडायचा, पिशवीत बांधायचा, टेबल फडक्याने पुसायचं, फडकं अंगणाबाहेर धुवायचं. "वाळला की पुन्ना धूळच," म्हणाला. हे त्याला कुणी शिकवलं होतं? कुणीच नाही. डॉक्टरांच्या त्या एका वाक्यावरून त्याने उरलेलं सगळं स्वतःच ताडलं होतं. इतका हुशार माणूस, आणि आयुष्यभर गुळाच्या खड्यावर भरवसा ठेवून बसला.

गुळाचं सांगायलाच हवं. फरशीवाले संध्याकाळी गूळ खातात. गुळाने घशातली, छातीतली धूळ धुऊन जाते असं सगळे मानतात. अठरा-वीस वर्षांपूर्वी आष्ट्याला आमच्या घराची फरशी दादानेच बसवली. बहिणीचं घर, म्हणून पुण्यातलं काम टाकून आला. दिवस उन्हाळ्याचे. सासूबाईंनी गव्हाचा चीक काढला होता आणि माडीवर जुन्या साड्या अंथरून कुरडया घातल्या होत्या. आमच्या सासूबाईंच्या कुरडया गल्लीत नावाजलेल्या, दुधासारख्या पांढऱ्या. दादा खाली पुढच्या खोलीत कापायला लागला, वारा सुटला, आणि धूळ खिडकीतून वर जायला लागली. सासूबाईंनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मी खाली उतरले आणि म्हणाले, "दादा, दारं-खिडक्या लावून काप. कुरडयांवर धूळ बसतीय."

तो बरं म्हणाला. तीन दिवस तो त्या बंद खोलीत कापत होता. संध्याकाळी दार उघडून बाहेर यायचा तेव्हा केस, भुवया, पापण्यासुद्धा पांढऱ्या. माझी पोरं भूत आलं म्हणून पळायची आणि आम्ही सगळे हसायचो. तोही हसायचा, आणि खोकायचा. मग मी त्याला मोठ्या मायेने गुळाचा खडा द्यायचे. खोकला थांबला नाही तर दुसरा.

कुरडयांना काही झालं नाही.

मिरजेहून परत येताना एसटीत मला ते दार आठवलं, आणि तेव्हापासून ते मला सोडत नाही. मला माहीत आहे, तीन दिवसांत माणसाची छाती भरत नाही. हे मी स्वतःला कितीदा सांगितलं. पण दार लाव हे शब्द माझ्या तोंडचे होते, आणि ते कशासाठी, तर तळायच्या पदार्थासाठी.

तिसऱ्या आठवड्यात भांड्यापाशी आलो. तिथे फरशीला अर्धगोल खाच पाडायची होती, आणि गोल पात्याने गोल कापता येत नाही. दादा त्या दिवशी कॉटवरून उठून, भिंत धरत माझ्याजवळ आला. खुणेच्या आत त्याने मला शेजारी-शेजारी पंधरा-वीस उभे काप घ्यायला लावले, कंगव्याच्या दातांसारखे. मग पकड हातात घेऊन ते दात त्याने एकेक मोडले. कडा कानशीने घासायला मी पुढे झाले तर त्याने माझा हात धरला आणि फरशी आधी बादलीत बुडवली. ओली करूनच घासली. तुकडा भांड्याला असा बसला की मध्ये कागद जाऊ नये. किती तरी दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर कामाचं समाधान दिसलं, आणि लगेच खोकल्याने ते नेलं. तेवढ्या श्रमाने तो दुसरा अख्खा दिवस झोपून होता.

शेवटचं काम सांधे भरायचं. चैत्र लागला होता. शेजारच्या माडीवर वाळवण पडलं होतं आणि एक म्हातारी काठी घेऊन कावळे हाकत होती. मी न्हाणीत ओणवी होऊन पांढरं सिमेंट बोटाने सांध्यांत दाबत होते. दादा दाराबाहेर खुर्चीवर. माझं तोंड त्याच्याकडे नव्हतं, म्हणूनच बोलायचं धाडस झालं.

"दादा, माझ्या घराची फरशी बसवलीस तवा मी तुला दारं लावून घ्यायला सांगितलं हुतं."

 आता तो गप्प आहे की श्वास जमवतोय, ते ओळखता येत नाही.

"व्हय," म्हणाला. "कुरडया हुत्या वर."

त्याला आठवत होतं. माझ्या बोटाखालचं सिमेंट तसंच राहिलं.

"मी सांगायला नगं हुतं, दादा."

"समदीच सांगायची गं." तो थांबला. "कुनाचा टीव्ही नवा. कुनाच्यात लगीन. कुनाच्यात बाळातीन." पुन्हा थांबला. "उघडं ठिवून काप, असं कुनीच न्हाई म्हनलं."

त्याने हे माझं ओझं हलकं करायलाच सांगितलं असणार. मला ते लागलं मात्र उलट. इतक्या घरांत एक तरी घर निराळं निघायला हवं होतं, आणि ते बहिणीचं असायला हवं होतं. ते तसं नव्हतं. मी त्या सगळ्यांतलीच एक होते, फक्त वरून गूळ देणारी.

मी मागे वळून बघितलं नाही. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "लय पांढऱ्या झाल्या हुत्या त्या वर्षी. पिशवी भरून दिली हुतीस." मी सांधे भरत राहिले. डोळ्यांतलं पाणी पुसायची सोय नव्हती, दोन्ही हात सिमेंटचे होते.

चार दिवस फरशी वाळू दिली आणि मग त्याची पहिली अंघोळ. वहिनी वखारीत गेल्या होत्या. मी पाणी तापवलं, आत प्लॅस्टिकचं स्टूल ठेवलं. कॉटपासून सहा पावलं. तो एका दमात गेला, कुठे बसावं लागलं नाही. दार नवं होतं, कडी चकचकीत. माणसाला अंघोळीला तरी आडोसा हवा म्हणून ते मी हौसेने बसवून घेतलं होतं. तो आत बसल्यावर मी ते बाहेरून ओढून घेतलं.

आतून बादलीवर तांब्या आपटल्याचा आवाज आला. मी दार उघडलं. तो स्टुलावर पुढे वाकलेला, एक हात भिंतीवर.

"दार लावू नगं," म्हणाला. "कोंडतंय."

मी दार भिंतीपर्यंत उघडं टाकलं, कॉटवर येऊन बसले आणि तोंड दुसरीकडे केलं. एक तांब्या पडायचा, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. मध्ये एकदा तो म्हणाला, "ढाळ बराबर हाय. पानी जातंय." मी व्हय म्हणाले. उघड्या दारातून त्याचा एकेक श्वास मला ऐकू येत राहिला.