गराचा दिवस

मलिंडा पीटरशाईमच्या घरामागे रॅम्बो सफरचंदांची दोन झाडं होती. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात फळं पिवळी पडून त्यांवर लाल रेघा उमटल्या, की चार दिवसांत ती उतरवावी लागत. पाचव्या दिवशी ती पिठूळ व्हायची आणि डुकरांपुढे टाकावी लागायची. त्यामुळे गर शिजवायचा दिवस मलिंडाच्या हाती नसे, तो झाडं ठरवत. पेनसिल्व्हेनियातल्या त्या खोऱ्यात, वीज आणि मोटार वर्ज्य मानणाऱ्या आमिश ख्रिस्ती पंथाच्या प्रत्येक घरात तो दिवस होई आणि वर्षभर मुलं सकाळ-संध्याकाळ तो गर पावाबरोबर खात.

मलिंडा चौऱ्याहत्तर वर्षांची होती. याच शेतावर ती लग्न होऊन आली, इथेच तिला सहा मुलं झाली, त्यांतली दोन तिनं पुरली आणि अकरा वर्षांपूर्वी नवरा इझ्रालाही. बोलणं मोजकं, काम चोख. तिच्या हातून काही सांडलेलं कुणी पाहिलं नाही, असं शेजारणी म्हणत.

गराच्या दिवशी, वर्षातून एकदाच, तिची धाकटी मुलगी सविला घरी येई. सविलाला अठरा वर्षांपूर्वी पंथाच्या मंडळीनं वाळीत टाकलं होतं. एकोणिसाव्या वर्षी तिनं सर्वांसमोर गुडघे टेकून बाप्तिस्मा घेतला, जन्मभर याच मंडळीत राहीन असा शब्द दिला. आणि पाच वर्षांनी मोटार चालवणाऱ्या, घरात विजेचे दिवे लावणाऱ्या क्लेटनशी लग्न करून त्याच्या पंथात गेली. तेव्हापासूनचा नियम असा : तिच्याशी बोलावं, तिला मदत करावी, हवं ते द्यावं, पण तिच्याबरोबर एका मेजावर जेवू नये आणि तिच्या हातून काही घेऊ नये. तिनं वस्तू मेजावर ठेवायची, हात काढायचा, मग दुसऱ्यानं ती उचलायची.

जेवायच्या वेळी मोठ्या मेजाशेजारी एक लहान मेज लावत, मध्ये बोटभर फट ठेवत आणि दोन्हींवर एकच चादर पसरत. परक्या माणसाला फट दिसत नसे. सविलाला ती कुठे आहे ते नेमकं ठाऊक होतं.

मलिंडानं नियम कधी मोडला नाही. सून केतुरा समोर असे, शेजारणी असत. हे सगळं आपण त्यांच्या डोळ्यांसाठी पाळतो, असं ती स्वतःला सांगत आली होती. कुणी नसतं, तर... याच्यापुढे तिनं कधी विचार केला नव्हता.

त्या वर्षी जुलैत सविलाचं पत्र आलं. क्लेटनला ऑरेगनमध्ये काम मिळालं होतं; सप्टेंबरात सगळे कायमचे तिकडे जाणार होते. देशाचं दुसरं टोक. आता परत भेट होणं नाही, हे मलिंडाला कळलं. पत्र घडी करून ठेवताना तिनं मनाशी ठरवलं, की एकदा, फक्त एकदा, लेकीच्या हातून काहीतरी घ्यायचं. मग रविवारी मंडळीसमोर गुडघे टेकून चूक कबूल करावी लागली तरी चालेल.

योगही तसाच आला. पलीकडच्या गावात वीज पडून कुणाचं तरी कोठार जळालं आणि ते उभारायला सगळे निघाले.

"आई, तुम्हीपण चला ना," केतुरा म्हणाली. "बसून बटाटे तरी सोलाल."

"आणि रॅम्बो?"

"उद्या करू."

"उद्या ती डुकरं खातील. तू जा. सविला येईलच."

केतुराचे हात टोपीच्या नाडीवर थांबले. "दोघीच?"

"का गं? आम्ही दोघी मिळून आणखी एक कोठार पेटवू असं वाटतंय?"

केतुरा हसली. पण बग्गीत बसण्यापूर्वी तिनं लहान मेज भिंतीपासून ओढून जागेवर लावलं आणि चादरही स्वतःच पसरली.

सविला सातला आली. मोटार तिनं नेहमीसारखी खाली रस्त्यावरच, टपालपेटीशी ठेवली होती. दारात तिनं बूट-मोजे काढले आणि अनवाणी आत आली, लहानपणी यायची तशी.

सफरचंदं धुऊन चार-चार फोडी केल्या. साल-बिया तशाच, फक्त देठ काढायचे. मोठ्या पातेल्यात तळाशी थोडं पाणी घालून त्या लगदा होईतो शिजवल्या. मग सविलानं हातानं फिरवायचं गाळणं मेजाच्या कडेला घट्ट बसवलं. ती वरून फोडी ओतत होती, मलिंडा दांडा फिरवत होती. एका बाजूनं फिक्या गुलाबी रंगाचा गर उतरे, दुसऱ्या तोंडातून सालं आणि बिया.

"साखर?" मलिंडानं विचारलं.

"घातली."

"किती?"

"तुझ्या मते जास्त, माझ्या मते कमी."

"बापावर गेलीस. त्याला साखर हवी असायची, गर नुसता तोंडी लावायला."

"आणि तू चार-चार चमचे चाटायचीस नि म्हणायचीस, मी खात नाहीये, तपासतेय!"

मलिंडा हसली. "तिकडे सफरचंदं मिळतात का?"

"ढिगानं. बागाच आहेत सगळीकडे."

"रॅम्बो?"

"नाहीत."

"मग ती कसली सफरचंदं!" मलिंडा म्हणाली आणि पुन्हा दांडा फिरवू लागली.

दुपारी पाव, थंड मांस आणि कोमट गर घेऊन त्या जेवायला बसल्या. सविला आपणहून लहान मेजापाशी बसली. मलिंडानं चादरीखालून लहान मेजाच्या पायाला पाय लावला. फट मिटायला एक धक्का पुरे होता. तिनं पाय तसाच ठेवला.

"आई, पाव दे ना."

मलिंडानं दिला. द्यायला बंदी नव्हती. मग पाय मागे घेऊन ती जेवू लागली.

दुपारनंतर भरलेल्या बरण्या उकळत्या पाण्यातून निघू लागल्या. सविला फडक्यानं बरणी उचले, मेजावर ठेवी, हात काढी. मग मलिंडा ती उचलून खिडकीखालच्या फळीवर मांडे. अठरा वर्षांत त्याची लय बसली होती. आधी मांडलेल्या बरण्यांची झाकणं निवताना आत ओढली जात आणि टण् असा आवाज होई.

शेवटची बरणी निघाली तेव्हा मेजावर जागा नव्हती. गाळणं, पातेली, सालांची बादली, सगळं तिथेच. सविला बरणी धरून जागा शोधत उभी राहिली.

मलिंडानं हातात फडकं घेतलं. दोन्ही हात पुढे केले. "इकडे दे."

सविला बघतच राहिली. "आई?"

"दे म्हणतेय ना. हात भाजतील तुझे."

सविलाचे डोळे भरून आले. तिनं बरणी पुढे केली. मलिंडाच्या तळव्यांना काचेची धग लागली, आईनं धरली असं समजून सविलानं बोटं सोडली, आणि त्याच क्षणी मलिंडाचे हात मागे गेले. तिनं ते मागे घेतले नाहीत; ते आपले आपण गेले.

बरणी जमिनीवर फुटली. उकळता गर सविलाच्या उघड्या पावलावर पसरला.

ती ओरडली नाही. खुर्चीत बसली आणि ओठ घट्ट मिटून घेतले. मलिंडानं पाण्याची बादली ओढली, पाऊल त्यात बुडवलं, बऱ्याच वेळानं ते आपल्या मांडीवर घेऊन त्याला मध लावला आणि पातळ फडकं गुंडाळलं. शिवायलाही बंदी नव्हती.

"तू खरंच घेणार होतीस?" सविलानं विचारलं.

"हो."

"मग?"

मलिंडा फडक्याची गाठ मारत राहिली. "माहीत नाही गं. घरात तर कुणीच नव्हतं."

सविला उठली, लंगडत काचा गोळा करू लागली. मलिंडानं तिला बसवलं आणि फरशी स्वतः पुसली. निघताना सविलाजवळ आईचं जुनं सूप होतं, गेल्या वर्षी बी पाखडायला नेलेलं. पातेली बाजूला सारून तिनं जागा केली, सूप मेजावर ठेवलं आणि हात काढून घेतला. मलिंडानं ते उचललं. मग तिनं लेकीच्या खोक्यात बारा बरण्या भरून दिल्या. टपालपेटीशी मोटार सुरू झाल्याचा आवाज आला, पुलाजवळ तो ऐकू येईनासा झाला.

संध्याकाळी केतुरा परतली. बादलीतल्या काचा तिनं लगेच पाहिल्या.

"बरणी फुटली?"

"हो."

"सविलाच्या हातून?"

फळीवर एक झाकण टण् वाजलं.

"माझ्या," मलिंडा म्हणाली.

"तुमच्या हातून? काहीतरीच!" केतुरा तिच्याकडे पाहत राहिली. मग तिनं चादर झटकून घडी केली आणि लहान मेज भिंतीला लावलं.

पुढच्या ऑगस्टात रॅम्बो पिकली. लहान मेज कुणी ओढलं नाही. दुपारनंतर केतुरानं उकळत्या पाण्यातून पहिली बरणी काढली आणि मागे न बघता पुढे केली. मलिंडाचे हात पुढे गेले आणि त्यांनी ती अलगद धरली.