सिमेई ते वुडलँड्स

लग्न झाल्यापासून रुचिर चैत्रालीला गाडीने राजस्थानचं वाळवंट दाखवणार होता. नऊ वर्षं त्याला रजा मिळाली नाही, त्यामुळे वाळवंट राहिलं आणि नोकरीपायी सिंगापूर पदरात पडलं. आता घरमालकाने बेटाच्या पूर्वेकडचा सिमेईचा फ्लॅट विकला आणि दोघांना उत्तर टोकाच्या वुडलँड्सला बिऱ्हाड हलवावं लागलं. नकाशावर बोटभर अंतर. पण रुचिर पडला प्रोजेक्ट मॅनेजर. त्याने प्रवासाची सतरा पानी योजना केली. तीत चहाचे दोन थांबेही होते.

"अख्खा देश ओलांडायचाय, चैत्राली. चेष्टा नाही."

"हो ना. पासपोर्ट घेऊ का?" तिने विचारलं.

लॉरीवाले टॅन अंकल कुठेच थांबले नाहीत. पस्तीस मिनिटांत देश संपला.

नव्या इमारतीची लिफ्ट मात्र दुरुस्तीसाठी बंद होती आणि घर होतं चौदाव्या मजल्यावर. अंकल खोकी खाली उतरवून निघून गेले. भर दुपारी दोघं सामानाच्या ढिगाऱ्यात तीन तास बसून राहिली. घशाला कोरड पडली. पाण्याच्या बाटल्या कोणत्या खोक्यात आहेत, एवढंच त्या सतरा पानांत नव्हतं.

अखेर शेजारच्या एका मलाय आजींना दया आली. त्या गार सरबताचा जग घेऊन आल्या आणि कुठून आलात म्हणून विचारू लागल्या.

"सिमेईहून," रुचिर म्हणाला.

"अगंबाई! इतक्या लांबून?" आजी मनापासून हळहळल्या.

रुचिरची छाती फुगली. चैत्रालीला हसता हसता ठसका लागला, तरी पहिला पेला तिने त्यालाच भरून दिला.