नख लावलेला चिकू

“रिपोर्टात काही नाही म्हणतेस, मग ही सारखी गिळते काय?”

चिकूंच्या ढिगापलीकडून वाडीकाकू माझ्या आईला विचारत होत्या. मी मागेच उभी आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं; असतं तरी आवाज कमी झाला नसता. डहाणूत आमच्या शेजारची चिकूवाडी त्यांची, म्हणून त्या वाडीकाकू. पहिल्या झाडाखाली बसून त्या शेवटच्या झाडावरच्या गड्याला सूचना देत आणि वर विचारत, “ऐकू येतंय ना रे तिथे?”

माझा आवाज मात्र घशातच राहायचा. तिथे गोळा अडकल्यासारखं वाटायचं. दोन डॉक्टर झाले, दुर्बीण घालून झाली, घसा स्वच्छ. आणि महिन्याभराने तलासरीच्या एका शाळेत मला नमुना पाठ द्यायचा होता. तो जमला तरच नोकरी. घरात बसून गिळत राहू नये म्हणून आईने मला काकूंकडे चिकू निवडायला धाडलं.

मोठे इकडे, मध्यम तिकडे, डागी पायाशी. तासाभराने काकू अचानक विचारत, “आत्ता होता का गं गोळा?” मला आठवायचं नाही. आठवायला गेले की लगेच यायचा.

“आला?” काकू हसत. “बोलावलंस की येतो. गुणी आहे.”

पण ‘सगळं तुझ्या मनात आहे’ असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. “गोळा खरा आहे, बाय,” म्हणायच्या. एकदा त्यांनी फांदीवरच्या चिकूवर नख ओढून दाखवलं. खाली हिरवं दिसलं, म्हणजे अजून तयार नाही, राहू द्यायचा. “रोज नख लावशील तर पिकायच्या आधी सडेल. तू दिवसातून शंभरदा गिळून बघतेस.” मग माझ्याकडे न बघताच, “पहिलं नख कधी लागलं?”

कुणालाच न सांगितलेलं मी सांगितलं. दहावीचं गॅदरिंग, मराठीत भाषण. इंग्रजी शाळेतली मी तिसऱ्याच वाक्यावर अडकले. माइक अगदी ओठांशी. मी आवंढा गिळला, तो सगळ्या हॉलला ऐकू गेला. हॉल हसला.

काकूही हसल्या, पोट धरून. “नुसत्या आवंढ्याने हॉल भरला? मग तुझा आवाज लहान कोण म्हणतं?”

मलाही हसू आलं. त्या प्रसंगावर मी पहिल्यांदाच हसत होते.

गोळा त्या दिवशी गेला नाही. पुढे काकूच गेल्या. गुडघे थकले, तेव्हा मुलगी त्यांना नवसारीला घेऊन गेली. रिक्षात बसल्यावर त्यांनी डागी चिकूंची पिशवी माझ्या हातात कोंबली. “हे आधी खा. आणि घशाकडे नको, लांब बघ.”

आठवड्याने मी तलासरीच्या वर्गात उभी होते. बाजूला मुख्याध्यापिका, समोर चाळीस मुलं. गोळा आलाच होता. गिळून बघावंसं फार वाटलं. तेवढ्यात भिंतीजवळच्या शेवटच्या बाकाकडे नजर गेली. तिथली एक मुलगी पेन्सिलीने बाक कोरत होती. मी तिच्याकडेच पाहिलं आणि, काकूंइतक्या नाही, पण माझ्यासाठी भलत्याच मोठ्या आवाजात म्हणाले,

“ऐकू येतंय ना गं तिथे?”