बाईच्या नावापुढचा माग

एका मोठ्या सॉफ्टवेअर उद्योजकाचं आत्मचरित्र गेल्या वर्षी माझ्या हातात पडलं आणि मी पार बिघडले. साध्या घरातला माणूस, पुढं त्याची कंपनी देशोदेशी पोचली, आणि पानोपानी आकांक्षा. मी पेन्सिलीनं इतक्या ओळींखाली रेघा मारल्या, की कोऱ्या राहिलेल्याच उठून दिसायला लागल्या.

माझा स्वतःचा व्यवसाय म्हणजे भवानी पेठेतली एक खोली, दोन कॉम्प्युटर आणि मी. एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यांसाठी कामगारांची हजेरी घेणारा आणि पाळ्या लावणारा एक प्रोग्रॅम मी लिहिला आहे. पाच कारखान्यांत तो चालतो. तेवढ्या भांडवलावर एका कॉलेजनं मला मुलींपुढं बोलायला बोलावलं, आणि मी त्या पुस्तकातले धडे सांगायचे ठरवले.

आदल्या रविवारी दुपारी आईला समोर बसवून मी तालीम केली. वडील गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. आई लसूण सोलत ऐकत होती. तिनं उभा जन्म अक्कलकोट रोडच्या एका कारखान्यात कांड्या भरण्यात घालवला. माग पुरुषानं चालवायचा, त्याला लागणारं सूत कांडीवर गुंडाळून बाईनं द्यायचं, ही तिथली पहिल्यापासूनची वाटणी. वडील त्याच कारखान्यात मागावर होते.

मी आवाज चढवून म्हटलं, "मोठं मागायला शिका. नकार मिळाला तर तुमचं काय जातं?"

"जातंय की," आई म्हणाली.

ऐन रंगात आलेल्या भाषणात कुणी मिठाचा खडा टाकला की माझं डोकं फिरतं. "काय जातं? सांग बरं," मी म्हटलं.

तिनं हातातला गड्डा संपवला, सालपटं गोळा केली आणि मग सांगायला लागली. मी लहान असताना वडील तापानं आठ दिवस पडून होते. कारखान्यात माल द्यायची घाई, माणूस मिळेना. तेव्हा आईनं त्यांचा माग चालवला. जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याजवळ उभं राहून ती बघून बघून शिकली होती.

"आट दिवसांत एक टावेल खराब न्हाय गेला. धागा तुटायच्या आदी मला आवाजातनं कळायचं. लई बरं वाटायचं गं. तुजे वडील कामावर आले तवा मी मालकाला म्हनले, मला बी एक माग द्या. तितं समदे हसले. मालक हसला, बाया हसल्या. तुजे वडील बी हसले."

"मग?"

"मग काय? कांड्या भराय बसले. तवापासनं कुनाला काय मागावं वाटलंच न्हाय. दुकानात दुसरी साडी दाखवा म्हनाय सुदीक जीभ उचलत न्हाय. समोर टाकतील ती घ्यायची."

खरंच होतं ते. आईच्या साड्या तिला शोभत नाहीत, म्हणून मी कैकदा तिच्यावर चिडले होते. ती काही मागत नाही, तेव्हा तिला काही नकोच असेल, असं मी धरून चालले होते.

मला भडभडून आलं, आणि त्यातच एक गोष्ट आठवली. मी लॅपटॉप आणून तिच्यासमोर उघडला. माझ्या प्रोग्रॅममध्ये नवीन कामगाराची नोंद करताना आधी पुरुष की स्त्री ते निवडायचं. स्त्री निवडलं की खाली कामांची यादी येते: कांडी, शिलाई, घडी, झाडलोट. माग त्यात नाही.

मी वाचून दाखवलं. आईनं विचारलं, "असं कर म्हून मालकांनी सांगितलं व्हतं?"

"नाही."

"मग कुनी?"

"कुणीच नाही. मीच केलं."

कारकुनाच्या हातून चूक होऊ नये म्हणून मी ही सोय केली होती, आणि पाचही कारखान्यांत ती कौतुकानं दाखवली होती. ते सगळे निदान आई मागायला गेल्यावर हसले. मी तर मागायची जागाच ठेवली नव्हती. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

दुरुस्ती करायला चहा उकळायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. आई स्क्रीनकडं बघत होती. "कोन बाई येनार हाय का पन मागावर?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "चालतंय का ते बघायला एक नाव घालावं लागेल. तुझं घालू?"

सोललेला लसूण तिनं बाजूला सारला. मी तिचं नाव लिहिलं, स्त्री निवडलं, कामात माग निवडला. पुढं पाळीचा रकाना होता.

आईनं पदराला हात पुसले आणि स्क्रीनजवळ सरकली. "सकाळची टाक," ती हळूच म्हणाली. "सांजच्याला सैपाक असतोय."