पेनाला टोपण लावणारी बाई

बायकोसोबत शेवटची मेथी निवडली आणि दुसऱ्या दिवशी ती वारली. माझ्या वॉचमनकीच्या डब्यात शुगरची गोळी तीच ठेवायची. नंतर डबा सुटला, गोळीही सुटली.

अंबरनाथच्या दवाखान्यात डॉक्टर ओरडला, "काका, शुगर वाढलीय. गोळी वाढवतो!" त्याच्या शेजारी, शुगरचे पेशंट कसे तपासायचे हे डॉक्टरांना शिकवणारी एक बाई बसलेली. पेशंट बोलायला लागला की ती लिहिणं थांबवून पेनाला टोपण लावायची.

टोपण लावून तिनं विचारलं, "काका, डबा कोण भरतं?"

"भरणारी गेली. वडापाव खातो, गोळी राहते."

"डॉक्टर, आधी हे विचारायचं, मग गोळी वाढवायची." मग मला म्हणाली, "भाजी करता येते का?"

"मेथी निवडता येते."

"मग अर्धी भाजी झालीच की!"

बऱ्याच दिवसांनी हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेथी करपवली, तीच डब्यात भरली आणि वर गोळी ठेवली.